दम धरा, श्वास धरू नका : मालवणातला चार दिवसांचा स्कूबा कोर्स

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा एक फोटो आहे, दोन वर्षांपूर्वीचा, मालवणचा. मी पाण्याखाली, भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, आणि उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी जुळवून मी ‘ओके’ करतेय. खाली नणंदेचे पाच बदाम, जाऊबाईंचं ‘धाडसी बाई गं’, भाच्याचं ‘मामी रॉक्स’.

त्या फोटोतली बोटं माझी आहेत, ओके माझा नाही. मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी चढलं होतं, मला वर जायचं होतं आणि म्हणून मी हात हलवत होते. मला धरून ठेवलेल्या मुलाने तो हात पकडला, बोटं वाकवून त्याचा ओके केला आणि समोरच्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मग ब्रेडचा चुरा उधळला, मासे धावत आले, आणखी चार फोटो झाले. वर आले तेव्हा नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. हजार-दीड हजार रुपयांत बोटीवर दहा मिनिटांचं ट्रेनिंग मिळालं होतं : तोंडाने श्वास घ्या, नाकाने घेऊ नका, घाबरू नका. बास. ‘घाबरू नका’ हे काही ट्रेनिंग नाही. ते तर दाताचा डॉक्टरही सांगतो.

कोणाची बोट होती ते सोडा. पण ते ओके मनात राहिलं होतं, म्हणून या जानेवारीत रजा टाकून त्याच मालवणात स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, पूर्ण कोर्स केला. त्याबद्दल लिहितेय. मी 47 वर्षांची, साताऱ्यात पोस्टाच्या काउंटरवर बसते, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि जन्मात कधी ट्रेकलासुद्धा गेलेली नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू धाडसी लोकांनी वाचला नाही तरी चालेल.

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. कोर्स चांगला झाला तो शिकवणाऱ्या मुलामुळे, आणि पुढच्या हंगामात तो तिथेच असेल याची हमी ना मी देऊ शकत, ना केंद्र. काय बघून ठरवायचं ते सांगते.

कोर्स ‘पॅडी’चा ओपन वॉटर डायव्हर. पॅडी ही 1966 साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था, तिचं कार्ड जगभर चालतं. हे कार्ड मिळालं की जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत उतरता येतं. आधी थिअरी, मग पोहण्याच्या तलावातली पाच सत्रं, मग समुद्रात चार डाइव्ह. सुरुवातीला 200 मीटर पोहून दाखवायचं, त्याला वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं नुसतं तरंगायचं. तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात रक्तदाबाच्या रकान्यात मी ‘हो’ लिहिल्यामुळे डॉक्टरांची सही लागली. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, चष्म्यावरून दोनदा बघितलं आणि सही केली. खर्च तीस हजारांच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. आमचे हे म्हणाले, एवढ्यात चांगलं वॉशिंग मशीन आलं असतं. बरोबर आहे त्यांचं.

पोहण्याचं मला भय नव्हतं. वाईजवळच्या आमच्या गावी विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. पुढे डबा सुटला आणि आमची शर्यत एकच असायची : सूर मारायचा, तळ गाठायचा आणि मूठभर गाळ पुरावा म्हणून वर आणायचा. दम कोंडून, गाल फुगवून, कानात घंटा वाजेपर्यंत. गावातल्या पोरांत मी त्यात वाघ होते. त्यामुळे पहिल्या दिवशी 200 मीटर पार केल्यावर मला वाटलं, आपलं झालंच.

आणि तिथेच घोळ होता. स्कूबाचा पहिला नियमच असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दाबाची हवा छातीत भरलेली असते. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, आणि तिथे भरलेला श्वास कोंडून वर आलात तर ती हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी विहिरीत जे जीव वाचवायला शिकले, तेच इथे जिवावर बेतणारं. डोक्याला हे दोन मिनिटांत पटलं. छातीला पटायला दोन दिवस लागले.

आमचा इन्स्ट्रक्टर तिथलाच, मासेमारी करणाऱ्या घरातला, वय असेल सव्वीस-सत्तावीस. पहिल्या दिवशी सकाळी मी ‘मॅडम’ होते, दुपारपर्यंत ‘ताई’ झाले. मी त्याला ‘सर’च म्हणत होते, आणि त्यावर तो दर वेळी लाजायचा. माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, पुण्याचा आयटीतला चोवीस वर्षांचा मुलगा. तो मला काकू म्हणायचा आणि प्रत्येक गोष्ट पहिल्या फटक्यात करायचा. असा माणूस शेजारी असणं किती त्रासाचं असतं हे शाळेत मागच्या बाकावर बसलेल्यांना कळेल.

माझं घोडं अडलं मास्कपाशी. मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, वरची कड कपाळावर दाबायची, नाकाने हवा सोडायची, खालून पाणी निघून जातं. सांगायला एवढंच. पुढची पायरी म्हणजे मास्क पूर्ण काढायचा, एक मिनिट तसंच तोंडातल्या रेग्युलेटरने, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या कळीने, श्वास घेत राहायचं, मग परत घालून रिकामा करायचा. अडीच मीटर खोल तलावाच्या तळाशी गुडघे टेकून. मी मास्क काढला आणि नाकात पाणी गेलं म्हणताच शरीराने मला विचारलंच नाही. तडक वर. नाकातोंडात पाणी जाणं हा वाक्प्रचार मी पोस्टात वापरते, दर एक तारखेला पेन्शनच्या रांगेत. अर्थ आत्ता कळला.

तर या क्षणी समोरचा माणूस काय करतो, यावर माझ्या मते कोर्सचे सगळे मार्क. तो मुलगा माझ्याबरोबरच वर आला, जाकिटाचा पट्टा एका हाताने धरलेला, दुसऱ्या हाताने माझ्या जाकिटात हवा भरली म्हणजे मी आपोआप तरंगले. ओरडला नाही. ‘काय नाय झाला’ असंही म्हणाला नाही, कारण झालं होतं. खोकला थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “ताई, चाय घेऊया.” दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच, पुन्हा वर. मग त्याने खोल पाणीच सोडून दिलं. कमरेएवढ्या पाण्यात मला उभं केलं, मास्क नाही, फक्त रेग्युलेटर, आणि चेहरा पाण्यात घालून नुसता श्वास घ्यायला लावला. वीस मिनिटं. बडी तोवर काठावर बसून केळी खात होता.

“श्वास घ्यायचो विचार करू नका,” तो म्हणाला, “सोडायचो करा. घेतलो जातलो तो आपोआप.”

यामागे शास्त्र आहे ते त्याने चहाच्या वेळी सांगितलं. घुसमट होते ती बहुतेक वेळा हवा कमी पडली म्हणून होत नाही, आतली वापरलेली हवा बाहेर पडली नाही म्हणून होते. कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणून बोंब मारतो. घाबरलेला माणूस वरवरचे भराभर श्वास घेतो, जुनी हवा आतच राहते, मेंदू आणखी ओरडतो, माणूस आणखी भराभर घेतो. तीस हजारांतला निम्मा माल माझ्या दृष्टीने या एका चहात वसूल झाला.

शिवाय मला एक फायदा होता जो मला ठाऊकच नव्हता. मी आठ वर्षं गाणं शिकले, विशारद अर्धवट राहिलं. रोज पहाटे खर्जात सा लावायचा आणि तो सा संपेस्तोवर श्वास एका धारेत सोडायचा, हे आमच्या बाईंनी घोटून घेतलेलं. पाण्यात तोंड घालून मी मनातल्या मनात सा लावला. बुडबुड्यांची एक लांब माळ कानांवरून गेली. दुसरी गेली. नाकाशी पाणी होतंच, पण ते दारात उभ्या असलेल्या सेल्समनसारखं झालं. असेना का उभा. संध्याकाळी पाच वाजता तळाशी जाऊन मास्क काढला, मिटल्या डोळ्यांनी सहा सा झाले, त्याने खांद्यावर टिचकी मारून मिनिट संपल्याचं सांगितलं. त्या जादा सत्राचे पैसे घेतले नाहीत. बिलात मी मुद्दाम शोधलं.

काउंटरवर मी एक गोष्ट नेहमी बघते. सर्व्हर बंद पडला की रांगेतला एकजण ओरडतो आणि दोन मिनिटांत सगळे ओरडायला लागतात. त्याच वेळी एखादे आजोबा शांतपणे बाकावर जाऊन बसले की त्यांच्यामागे आणखी दोघे बसतात. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे समोरच्याचे डोळे आणि त्याचे बुडबुडे एवढंच तुमच्याकडे असतं. त्याचे बुडबुडे सावकाश निघत असतील तर तुमचेही तसे निघायला लागतात. म्हणून केंद्रात फोन केलात तर किमतीआधी विचारा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण. नियमाने आठपर्यंत चालतात. आम्ही दोघंच होतो. आठ जणांत माझ्यासाठी वीस मिनिटं कोणी काढली असती?

आता तक्रारी. वेटसूट विरलेले, माझ्या गुडघ्याला भोक आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. बायकांना कपडे बदलायला एक पडदा, तोही वाऱ्यावर. थिअरीचे व्हिडिओ सगळे इंग्रजीत. इन्स्ट्रक्टर मालवणीत समजावत होता म्हणून निभावलं, पण परीक्षेचे प्रश्न परत इंग्रजीतच. आणि मुख्य म्हणजे भाड्याचे मास्क. पहिल्या दिवसभर मला वाटत होतं की मीच भित्री, दुसऱ्या दिवशी कळलं की मास्कही गळका होता, माझ्या चेहऱ्याला बसतच नव्हता. मास्क बसतो का हे बघायची युक्ती सोपी आहे : पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. पडला तर ठेवा परत. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायला हवी होती. मी शेवटी मालवणच्या बाजारात विचारत विचारत जाऊन स्वतःचा विकत घेतला, आणि पूर्ण कोर्समध्ये सर्वांत शहाणपणाने खर्च केलेले पैसे ते. केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी पाणी येतं, तेव्हा बायांनो, अंबाडा खाली मानेवर घ्या. मिशीवाल्यांनी नाकाखाली व्हॅसलीन लावा, आमच्या बडीला लावावं लागलं. काच धुरकट होऊ नये म्हणून मास्कमध्ये थुंकायचं असतं, थुंकी बोटाने फिरवायची आणि पाण्यात खंगाळायचं. पहिल्यांदा शिसारी आली. चौथ्या दिवशी मी सर्वांत आधी थुंकत होते.

समुद्राचा पहिला दिवस. सकाळी आठला बोट, किल्ल्याच्या तटाला डावीकडे ठेवून पुढे. मालवणचं पाणी म्हणजे फोटोत दिसतं तसं निळंशार काचेचं नसतं. त्या दिवशी पाण्यात चार-पाच मीटरपर्यंतच दिसत होतं, रंग हिरवा, कोथिंबिरीच्या चटणीत जास्त पाणी पडल्यासारखा. अंदमानला यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, बडी दर दहा मिनिटांनी ते सांगत होता. पण माझं मत असं की शिकायला हे वाईट नाही. गढूळ पाण्यात ज्याला शांत राहता आलं त्याला स्वच्छ पाण्यात काय धाड भरली आहे?

नांगराच्या दोराला धरून उतरायला लागलो. दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून कानात हवा ढकलायची. माझा डावा कान रडतराऊत, उजव्यानंतर दहा सेकंदांनी सुटायचा. दुखायला लागलं की हातभर वर यायचं, परत ढकलायचं, मग खाली. पाच मीटरच्या आसपास एक जागा आली जिथून बोट दिसेना आणि तळही दिसेना. सगळीकडे तोच हिरवा. तोंडचं पाणी पळालं म्हणायचं तर तोंडाभोवती पाण्याशिवाय काही नव्हतं. छाती धडधडायला लागली. मी दोर दोन्ही हातांनी आवळला आणि पंजा आडवा हलवून ‘गडबड आहे’ केलं.

आणि इथे मला दोन वर्षांपूर्वीचा तो फोटो आठवला, कारण याने माझा हात पकडला नाही. समोर आला, तळवा दाखवला : थांबा. स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून एक लांब श्वास सोडला. मग माझ्याकडे बोट. मी सोडला. त्याने दोराला धरलेली माझी पकड एक एक बोट सैल होईपर्यंत वाट बघितली. मग माझं प्रेशर गेज, म्हणजे टाकीत किती हवा उरली ते दाबाच्या मापात, बारमध्ये, दाखवणारं मीटर, माझ्या डोळ्यांसमोर धरलं : 160 बार. भरपूर. 200 ने सुरुवात, 50 राहिले की वर यायचं, हे पाठ होतं. आकडा बघितल्यावर मला बरं वाटलं. कॅशियरचा जीव आकड्यात असतो. मग त्याने बोटांनी विचारलं, ओके? आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. खरंच ओके आहे का ते बघितलं. आहे असं वाटलं तेव्हा केलं.

आणखी एका गोष्टीने धीर आला, ती थिअरीतली. रेग्युलेटर म्हणजे तुम्ही ओढाल तेव्हाच आणि ओढाल तेवढीच हवा देणारी कळ. कूस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये ती बसवली. आजकालचे रेग्युलेटर अशा बेताने बनवलेले असतात की बिघडले तर बहुधा बंद पडत नाहीत, उलट भडाभडा वाहत सुटतात. तशा वाहत्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा सरावही तलावात करून घेतात. नळ बिघडला तर पाणी जाण्याऐवजी गळत राहतो, तसं. हे कळल्यावर रात्री झोप लागली.

तळ 9 मीटरवर. मनगटातला लाल गंडा तपकिरी दिसायला लागला, कारण पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो. एका खडकाखालून गोबरा बघत होता, ओठ खाली पाडून, आमच्या माजी पोस्टमास्तरांसारखा. एक तांबोशी गेली ती पण राखाडी. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर प्रत्येक माशाचं नाव आणि त्याचं काय करतात ते सांगायचा. हिचा तिखला, त्याचा रस्सा. बडीने वहीत इंग्रजी नावं लिहून घेतली.

तोच बडी त्या दिवशी डोकं धरून बसला. हवा वाचवायला म्हणून तो श्वासाश्वासांमध्ये थांबत होता. कार्बन डायऑक्साइड साठला आणि कपाळ ठणकायला लागलं. इन्स्ट्रक्टर त्याला म्हणाला, “दम धरा रे बाबा, पण श्वास धरू नको.” मला मात्र हवा फार लागली, 24 मिनिटांत गेज 50 बारवर. शेवटच्या डाइव्हला तेवढ्याच खोलीवर 38 मिनिटं पुरली. चार दिवसांत फुप्फुसं काही बदलली नाहीत.

तिसऱ्या डाइव्हला आणीबाणीचा सराव. हवा संपली असं समजून आठ मीटरवरून एकाच श्वासात वर जायचं, रेग्युलेटर तोंडात, आणि पूर्ण वेळ तोंडाने ‘आ’ म्हणत. श्वास अडकलेला नाही याचा पुरावा म्हणून तो आवाज. लोकांना इथे धडकी भरते म्हणे. मी एक सा आकारात लावला, सावकाश, आणि तो संपायच्या आत डोकं पाण्याबाहेर. इन्स्ट्रक्टर शेजारून वर आला आणि म्हणाला, “तुमी गाणा शिकलास काय?” बडीला दुसऱ्यांदा करावं लागलं. मी काही बोलले नाही, पण केळं खाल्लं.

जाता जाता घाटाचं सांगते, कारण सातारा-कोल्हापूर-सांगलीकडच्यांना ते कोणी सांगत नाही. लागोपाठ डाइव्ह झाल्यावर 18 तास विमानात बसू नका म्हणतात, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनमुळे : उंचावर हवेचा दाब कमी, तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. पण तोच हिशोब 600 मीटरच्या वरच्या घाटालाही धरायचा. आंबोली सुमारे 690 मीटर आणि सातारा स्वतः 700 च्या वर. म्हणजे सकाळी डाइव्ह करून दुपारची एसटी पकडायची नाही. मी रजा चारच दिवसांची टाकली होती. पाचवीसाठी पोस्टमास्तरांना फोन करून ‘नायट्रोजन’ हे कारण सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, कोण नायट्रोजन?

मार्क द्यायचे तर शिकवण्याला पाचपैकी पाच, वेटसूटला एक, पडद्याला शून्य. तलावाचे दोन दिवस एका दिवसात उरकतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एखादी गोष्ट जमली नाही तर परत किती वेळा करून घेता आणि त्याचे पैसे लावता का, हे आधी विचारा. उत्तर देताना समोरचा किती घाई करतो तेही ऐका. पावसाळ्यात बोटी बंद असतात.

शेवटच्या डाइव्हचा एक फोटो इन्स्ट्रक्टरने पाठवला, न सांगता काढलेला. हिरवं पाणी, मास्क जरा तिरका, मी हातातलं गेज बघतेय. मासा एकही नाही. ग्रुपवर टाकला तर नणंदेने विचारलं, यात ओके का नाही केलंस गं?

गेज बघत होते, मी लिहिलं. 90 बार होते.